पुतणीची प्रागयात्रा

२०२४ सालच्या डिसेंबर महिन्याच्या आरंभीं आमच्या घरांत दोन दिवस कोणी कोणाशीं धड बोललें नाहीं. कारण वरवर पाहतां अगदीं क्षुल्लक होतें. आमच्या धाकट्या बंधूंची कन्या जर्मनींतील ड्रेस्डेन शहरीं विद्यार्थिनी म्हणून राहते. मंगळवारीं रात्रीं मोबाईलवर बोलतां बोलतां तिनें सहज सांगितलें कीं, येत्या शुक्रवारीं आम्ही पांचजण मिळून प्राग पाहावयास जाणार. पांचांत दोन मुलगे आहेत हें ऐकून तिच्या आईच्या कपाळास आठी पडली. आमच्या मनास मात्र दुसरीच गोष्ट लागली. तिच्या शिक्षणासाठीं बँकेचें जें कर्ज काढलें आहे, त्याला आमचें राहतें घर तारण आहे. घर तिघां भावांच्या नांवावर असल्यामुळें तिघांच्याही सह्या झाल्या, व वडील म्हणून पहिली सही आमची. तेव्हां मागचापुढचा विचार न करतां, तेहतीस वर्षें वर्गांत वापरलेला आवाज काढून आम्हीं विचारलें, “ही सहल कोणाच्या पैशांनीं? आजोबांनीं बांधलेल्या घराच्या विटा विकून का?”

पलीकडे क्षणभर शांतता झाली. मग ती म्हणाली, “अण्णा, घराच्या पैशाला मीं हात लावलेला नाहीं. गेले आठ महिने शनिवार-रविवार मी एका बेकरींत काम करतें आहें. पाव विकतें, टेबलें पुसतें, लोकांच्या कपबशा विसळतें. त्यांतून उरलेले हे पैसे आहेत.” आणि तिनें बोलणें बंद केलें.

त्या रात्रीं घरांत जें झालें तें सविस्तर सांगण्यासारखें नाहीं. ‘लोकांच्या उष्ट्या कपबशा’ हे शब्द आमच्या भावजयीच्या तोंडून पुन्हां पुन्हां येऊं लागले. मुलीचे वडील ओसरीवर जाऊन बसले. मधल्या बंधूंनीं, मुलींना परदेशीं पाठवूंच नये, हें आपलें जुनें मत नव्यानें मांडलें. आम्ही गप्प होतों. खरें सांगावयाचें तर कपबशांचें आम्हांस फारसें कांहीं वाटलें नव्हतें. तिनें आठ महिने ही गोष्ट आमच्यापासून लपवावी, हें लागलें. आणि ती लपवावी असें तिला कां वाटलें असेल, तें तर त्या क्षणीं ओसरीपासून माजघरापर्यंत ऐकूंच येत होतें.

आमचें शिक्षण जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपर्यंत. पुढें संस्कृतासाठीं पाठशाळेंत चार वर्षें काढलीं, तीं वार लावून. अंथरुणावर पडल्यावर आमच्या कुटुंबानें एवढेंच म्हटलें, “गुरुजींच्या घरचीं भांडीं घांसल्याचें तुम्ही आल्यागेल्यास कौतुकानें सांगतां. तिनें घांसलीं तर सर्वांचीं तोंडें वांकडीं कां?” या प्रश्नाचें उत्तर पाठशाळेंत शिकविलें नव्हतें.

शिक्षकास क्षमा मागतां येत नाहीं, हा आमच्या पेशाचा मोठा दोष आहे. फळ्यावर एखादें रूप चुकलें तर, ‘मुद्दाम चुकविलें होतें, कोणाच्या लक्षांत येतें तें पाहात होतों,’ असें म्हणून पुसून टाकण्याची संवय लागते. बुधवारीं आम्हीं मोबाईल तीनदां उचलला व तीनदां खालीं ठेविला. गुरुवारीं शेवटीं तिला निरोप लिहिला. त्यांत क्षमेचें अक्षर नव्हतें, गृहपाठ होता. ‘प्रागला जात आहेस तर तेथें विंटर्निट्स नांवाचे संस्कृत पंडित होऊन गेले, त्यांचा कांहीं माग लागतो का पाहावें. ऑटो स्टाइन म्हणून त्यांचे शिष्य, त्यांचाही.’

हीं नांवें आम्हांस कोठून सुचलीं, तें सांगितलें पाहिजे. मॉरिझ विंटर्निट्स हे मूळचे ऑस्ट्रियाचे. ऑक्सफर्ड येथें मॅक्समुल्लर यांच्या हाताखालीं ऋग्वेदाच्या दुसऱ्या आवृत्तीचें काम त्यांनीं केलें, व पुढें प्रागच्या जर्मन विद्यापीठांत ते संस्कृताचे अध्यापक झाले. लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या संग्रहांतील, दाक्षिणात्य ग्रंथलिपींत लिहिलेल्या महाभारताच्या पोथ्या त्यांच्या पाहण्यांत आल्या. उत्तरेकडील छापील पाठाहून त्या किती भिन्न आहेत हें पाहून, सर्व प्रांतांच्या पोथ्या ताडून चिकित्सक आवृत्ति सिद्ध झाल्यावांचून या ग्रंथाविषयीं निश्चयानें कांहींच बोलतां यावयाचें नाहीं, असें त्यांनीं १८९७ सालीं पॅरिसच्या प्राच्यविद्यापरिषदेंत मांडलें. युरोपांतील विद्वत्सभांनीं तें काम आरंभिलें खरें, पण पहिल्या महायुद्धांत तें मोडलें. १९१९ सालीं पुण्याच्या भांडारकर संस्थेनें तें हातीं घेतलें. १९२५ पासून डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर यांनीं त्याची धुरा वाहिली. आणि बाराशेंहून अधिक हस्तलिखितें ताडून १९६६ सालीं तें पुरें झालें.

आमच्या गुरुजींना या आवृत्तीचा मनस्वी राग. कां, तर व्यासांनीं सांगावें व गणपतीनें लिहावें, ही जी कथा घरोघर लहान मुलांनाही पाठ असते, ती पोथ्यांच्या साक्षीवर टिकत नाहीं म्हणून संपादकांनीं मूळ पाठांतून काढून परिशिष्टांत ठेविली. “गणपतीस परिशिष्टांत बसविणारे हे कोण?” असें गुरुजी विचारीत आणि उपरणें झटकीत. या सर्वाचें मूळ म्हणजे प्रागचा कोणी म्लेंच्छ पंडित, एवढेंच त्यांनीं आम्हांस सांगितलें, व आम्हींही तें कित्येक वर्षें वर्गांत तसेंच सांगितलें. निवृत्त झाल्यावर सुखटणकरांची आदिपर्वाची इंग्रजी प्रस्तावना, शब्दकोश मांडीवर घेऊन, चार महिन्यांत वाचून काढली. पोथींत जें नाहीं तें नाहीं म्हणावयास किती श्रम लागतात व किती धैर्य लागतें, हें तेव्हां कळलें. गुरुजी तोंवर निवर्तले होते. वर्गही संपले होते.

ऑटो स्टाइन यांचें नांव त्याहून उशीरा वाचण्यांत आलें. मेगॅस्थेनीस व कौटिल्य यांची तुलना करणारा त्यांचा ग्रंथ १९२१ सालीं निघाला. विंटर्निट्स १९३७ सालीं वारले. १९३९ सालीं हिटलरचें सैन्य प्रागमध्यें शिरलें. गुरु व शिष्य दोघेही ज्यू. गुरु सुटले म्हणावयाचे. शिष्यास १९४१ सालीं पोलंडांतील घेट्टोंत नेण्यांत आलें, व पुढल्या वर्षीं त्यांचा अंत झाला.

आमच्या निरोपास शुक्रवारपर्यंत उत्तर आलें नाहीं. शनिवारीं चंपाषष्ठी. खंडोबा आमचें कुलदैवत. चातुर्मासांत वर्ज्य असलेलें वांगें त्या दिवशीं पुन्हां ताटांत येतें, आणि घरांत रुसवा असला म्हणून भरीत चुकत नाहीं. जेवणें आटोपून आम्ही सुपारी कातरीत बसलों होतों. अडीच वाजावयास थोडा अवकाश असतां मोबाईल वाजला. पडद्यावर पुतणीचा चेहरा, लोकरीची टोपी कानांवर ओढलेली, नाक थंडीनें लाल. नमस्कार नाहीं, खुशाली नाहीं, एकदम म्हणाली, “अण्णा, येथें किती वाजले, ओळखा पाहूं.”

हिवाळ्यांत तिकडचें व आपलें अंतर साडेचार तासांचें. “दहा,” आम्हीं म्हटलें.

“चूक. अठरा.” आणि तिनें मोबाईल वर धरला.

प्रागच्या जुन्या नगरभवनाच्या भिंतीवरील हें घड्याळ १४१० सालचें. काडान गांवच्या मिकुलाश नांवाच्या कारागिरानें तें केलें. नगराधिकाऱ्यांनीं पुढें हानुश नांवाच्या घड्याळजीचे डोळे काढविले, म्हणजे असें दुसरें घड्याळ त्यानें कोठें करूं नये, अशी एक कथा तेथें सांगतात. पण कारागिराचे हात तोडल्याची हीच कथा आपल्याकडे ताजमहालासंबंधानें सांगतात, त्यावरून तिची किंमत कळते. घड्याळ मात्र खरोखर अपूर्व आहे. एकाच तबकडीवर तें तीनचार प्रकारचा काळ दाखवितें. रोमन आंकड्यांवर आपल्या नित्याच्या घड्याळाचे तास. त्याबाहेर काळ्या वर्तुळावर चोवीस सोनेरी आंकडे, ते जुन्या बोहेमियन रीतीचे: ती मंडळी दिवस सूर्यास्तापासून मोजीत. आदल्या दिवशीं चार वाजतां सूर्य मावळला, तेथून सकाळच्या दहापर्यंत अठरा तास झाले. सूर्यास्त रोज मागेंपुढें होतो, म्हणून तें वर्तुळही वर्षभर त्याच्याबरोबर फिरत राहतें. आणखी आंत, सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत दिवसाचे बारा सारखे भाग पाडणाऱ्या रेषा आहेत. उन्हाळ्यांत हे भाग लांबतात, हिवाळ्यांत आंखडतात. त्या दिवशीं तेथें सूर्य पावणेआठाच्या सुमारास उगवून चार वाजतां मावळणार होता. म्हणजे त्यांचा एक ‘तास’ सुमारें एकेचाळीस मिनिटांचा! आम्हीं लगेच पंचांगाच्या पाठपृष्ठावर गणित मांडलें. त्यांचें दिनमान जेमतेम पावणेएकवीस घटिका. आमचें त्या दिवशींचें सुमारें पावणेअठ्ठावीस. आपण उदयापासून मोजतों, ते अस्तापासून मोजीत. पाण्यावर घटिकापात्र सोडून मुहूर्त साधणाऱ्या ज्योतिष्यास या तबकडीपुढें उभें केलें असतें, तर भाषा न कळतांही त्याला ती वाचतां आली असती, असें आम्हांस वाटतें.

“घड्याळांत सूर्य धनु राशींत आहे,” पुतणी म्हणाली. “तुमच्या पंचांगांत?”

“वृश्चिकेंत.”

“मग चुकलें कोण?”

आम्ही सुपारी बाजूस सारून सायन व निरयन यांचा भेद सांगूं लागलों. तिकडील गणना वसंतसंपातापासून, आपली स्थिर नक्षत्रांपासून. संपात हळूहळू मागें सरकतो. त्यामुळें दोहोंमध्यें आज सुमारें चोवीस अंशांचें अंतर पडलें आहे, वगैरे. बोलतां बोलतां मध्येंच ध्यानांत आलें कीं, हें सर्व ती दहावींत असतांना आम्हींच तिला अंगणांत बसवून शिकविलें होतें, आणि तिला तें उत्तम येत होतें. प्रश्न न समजून विचारलेला नव्हता. आम्ही क्षणभर थांबलों. “बोला ना,” ती म्हणाली, “हे सगळे ऐकताहेत, मी त्यांना सांगतें आहें.”

मग ते ‘सगळे’ एकेक करून पडद्यांत आले. एक तमिळ मुलगा, एक पोलंडची मुलगी, एक कोलंबियाची, व एक इराणचा मुलगा. या इराणी मुलानें निकाल घड्याळाच्या बाजूनें दिला; कारण त्यांचें नववर्ष संपाताच्या क्षणींच सुरू होतें. तमिळ मुलगा पंचांगाच्या बाजूस राहिला. आमची भावजय, जी या दोघां मुलग्यांमुळें चार दिवस अस्वस्थ होती, ती मागून डोकावून तमिळ मुलास म्हणाली, “जेवलास का रे?” त्याला मराठी येत नाहीं, पण प्रश्न कळला असावा. त्यानें हातांतील पाव उंच करून दाखविला.

तेवढ्यांत दहाचे ठोके पडूं लागले. तबकडीच्या बाजूस एक सांगाडा उभा आहे. तो एका हातानें दोरी ओढून घंटा वाजवितो. वर दोन खिडक्या उघडतात आणि ख्रिस्ताचे बारा शिष्य एकामागून एक येऊन जातात. पैशाची थैली घेतलेला एक कृपण आहे, आरसा पाहणारा एक गर्विष्ठ आहे. सांगाड्यानें घंटा वाजविली कीं ते माना हलवितात, जणूं अजून वेळ झाली नाहीं म्हणतात. शेवटीं कोंबडा आरवतो. “ऐन चावडीवर असलें अभद्र चित्र कशाला?” असें आमचें कुटुंब म्हणालें खरें, पण पुढल्या तासाला पुन्हां दाखव, असेंही तिनेंच सांगितलें. चंद्रासाठीं तेथें अर्धा काळा, अर्धा रुपेरी असा एक गोळा आहे; तो फिरतां फिरतां कला दाखवितो. आमच्याकडे सकाळीं षष्ठी संपून सप्तमी लागली होती, आणि गोळा निम्म्याच्या जवळ रुपेरी झाला होता. याबाबत तरी वाद उरला नाहीं. १९४५ सालच्या मे महिन्यांत जर्मन माऱ्यानें नगरभवन पेटलें, तेव्हां हें घड्याळही होरपळलें व शिष्यांच्या लांकडी मूर्ति जळाल्या. तीन वर्षांनीं तें पुन्हां चालूं झालें.

विंटर्निट्स यांचें नांव त्या बोलण्यांत निघालें नाहीं. आम्हीं काढलें नाहीं, तिनेंही नाहीं.

दुसरे दिवशीं रात्रीं ड्रेस्डेनला परततांना आगगाडींत बसून तिनें भलामोठा निरोप लिहिला. शनिवारीं दुपारीं हीं पांचजणें ज्यूंच्या जुन्या वस्तींत गेलीं, तों दारें बंद. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत त्यांचा विश्रामदिन. सकाळभर सूर्यास्ताचा काळ मोजून ही गोष्ट आपल्या ध्यानांत कशी आली नाहीं, म्हणून सर्वांनीं एकमेकांस हसून घेतलें. नगरभवनापुढील फरसबंदींत सत्तावीस पांढरे क्रूस आहेत. सम्राटाविरुद्ध उठलेल्या सत्तावीस पुढाऱ्यांचा तेथें १६२१ सालीं वध झाला. तीन दिवस त्यावरून लोकांच्या गर्दीबरोबर आपणही चालत होतों, असें तिनें लिहिलें आहे.

रविवारीं पहांटे उठून तीं चार्ल्स राजाच्या पुलावर गेलीं. पूल पांचशें मीटरांहून थोडा अधिक लांब, दोहों बाजूंस तीस मूर्ति, खालीं व्हल्टावा नदी. या पुलाचा पाया १३५७ सालीं, सातव्या महिन्याच्या नऊ तारखेस, पहांटे पांच वाजून एकतीस मिनिटांनीं घातला, असें सांगतात. वर्ष, दिवस, महिना, तास, मिनिटें ओळीनें लिहिलीं तर १, ३, ५, ७, ९, ७, ५, ३, १ अशी मालिका होते, उलटी वाचली तरी तीच! मिनिटाचा हिशोब पुढील लोकांनीं बसविलेला असावा, असा आमचा दाट संशय आहे. पण मुहूर्त मोठा रमणीय आहे. गोदाकाठच्या पार्थपुरचा दैवज्ञ सूर्यपंडित, ज्यानें सुलट वाचतां रामकथा व उलट वाचतां कृष्णकथा असें विलोमकाव्य रचलें, तो स्वतः ज्योतिषीच होता. त्याला हा पूल आवडला असता. चुन्यांत बळकटीसाठीं राज्यभरांतून अंडीं मागवून घातलीं, अशीही एक दंतकथा आहे. ती वाचून दाखवितांच आमचें कुटुंब म्हणालें, “म्हणजे त्या पुलावरून सोवळ्यांत जातां यावयाचें नाहीं.”

आतां शेवटचें. पिंकास नांवाचें एक जुनें ज्यू प्रार्थनामंदिर आहे. त्याच्या भिंतींवर बोहेमिया व मोराव्हिया या प्रांतांतून नेऊन मारलेल्या ज्यूंचीं नांवें लिहिलेलीं आहेत, सुमारें ७८,०००. पूर्वीं एकदां तीं लिहिलीं होतीं. १९६८ सालीं तें मंदिर भिंतींतील ओलीमुळें बंद झालें व त्या काळच्या राजवटीनें तें तसेंच पडूं दिलें, नांवें गेलीं. पुढें १९९२ पासून चार वर्षें खपून तीं सर्वच्या सर्व पुन्हां हातानें लिहिलीं. नांव, जन्मतारीख, आणि शेवटची कळलेली तारीख. दुसरें कांहीं नाहीं.

पुतणीनें लिहिलें होतें तें असें: ‘अण्णा, विंटर्निट्सांचा माग मला लागला नाहीं. रविवारीं सर्व ग्रंथालयें बंद. म्हणून स्टाइन शोधूं लागलें. स्टाइन आडनांवाच्या ओळींमागून ओळी आहेत. अक्षर बारीक, प्रकाश बेताचा, आणि बोटानें स्पर्श करावयाचा नाहीं. मी एकेक वाचीत गेलें. पोलंडची मैत्रीण दुसऱ्या टोंकापासून वाचूं लागली. घेट्टोचें नांव मीं लोड्झ म्हणतांच तिनें तें सुधारलें. त्या गांवास वूच म्हणतात. आम्हांला पाऊण तास लागला. बाकीचे तिघे बांकावर बसून राहिले, कोणी घाई केली नाहीं. पण तुमचा नेमका कोणता, हें मला ठरवितां आलें नाहीं. जन्मवर्ष ठाऊक असतें तर ठरलें असतें. मग मीं तेथल्या सगळ्यांनाच नमस्कार केला. गृहपाठ अपुरा राहिला.’

आम्हीं आपली वही काढून पाहिली. स्टाइन यांचें जन्मवर्ष १८९३, आमच्याच हातानें तेथें टिपलेलें होतें. निरोप लिहितांना तें द्यावें असें आम्हांस सुचलें नव्हतें. तेहतीस वर्षें मुलांना अपुरें उदाहरण घालून, मग उत्तर येत नाहीं म्हणून रागावणारा मास्तर कसा असतो, तें आम्ही इतरांत पाहात आलों होतों.

‘गृहपाठ अपुरा नव्हता,’ आम्हीं लिहिलें. ‘प्रश्न अपुरा होता. चूक आमची.’ निरोप पाठविण्यापूर्वीं थोडें थांबलों, आणि त्यापुढें ‘मंगळवारींही’ एवढा शब्द जोडला. वाक्य व्याकरणाच्या दृष्टीनें सदोष आहे, पण तसेंच जाऊं दिलें.

तिचें उत्तर ताबडतोब आलें नाहीं. तासाभरानें आलें. ‘पुढल्या रविवारीं सकाळीं साडेनऊला सर्वजण मोकळे असाल का? तेव्हां येथें पांच वाजलेले असतात. बेकरी उघडण्याआधीं दाखवितें.’

त्या रविवारीं न्याहारी लवकर उरकून सारें घर ओसरीवर जमलें. मधले बंधु वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसले होते, परंतु पान उलटीत नव्हते. पुतणीनें पांढरा अंगरखा घातला होता. तिनें भट्टी दाखविली. फळ्यांवर रचलेले गोल, लांब, तीळ लावलेले पाव दाखविले. पैशाचा गल्ला दाखविला. तिच्या आईनें विचारलें, “यांत अंडें असतें का?” “या पावांत नाहीं. त्या पलीकडच्या केकांत असतें.” “मग त्या केकांचा हात इकडे लावूं नकोस.” पुतणी हसली. मग तिची आई मोबाईलच्या अगदीं जवळ गेली, व आम्हां सर्वांकडे पाठ करून हळूच म्हणाली, “आणि कपबशा विसळावयास गरम पाणी देतात ना ग?”

“देतात आई. शिवाय धुण्याचें यंत्र आहे. आधीं नुसत्या विसळून आंत लावायच्या.”

“दाखव,” ती म्हणाली. आणि पुतणीनें मोबाईल घेऊन जाऊन तें यंत्र दाखविलें.